मागच्या खोलीतली मांजरं

प्रांजली बोलायला लागली तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

म्हणजे आई-बाबा-पाणी हे सगळं ती वेळच्या वेळी बोलली होती. पण चारचौघांत उभं राहून, मान वर करून, आवाज न कापता बोलणं तिला सापडलं ते नववीत, बनशंकरीच्या नव्या शाळेत. आणि एकदा सापडल्यावर मग काय विचारता! प्रार्थनेनंतर बातम्या वाचायला प्रांजली, वादविवादाला प्रांजली, हेमलता मिसच्या योगाच्या तासाला पुढे उभं राहून सगळ्या वर्गाला आसनं सांगायलाही प्रांजलीच. नवी सायकल मिळालेल्या माणसाला कोपऱ्यावरच्या दुकानातही सायकलवरूनच जावंसं वाटतं ना, तसं तिला जेवताना मीठ मागायचं असलं तरी आधी दोन वाक्यांची प्रस्तावना करावीशी वाटायची.

तिचं घर बंगळुराच्या पार दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत. तिथून रोज शाळेला यायचं तर निम्मं आयुष्य बसमध्येच जाईल, असा हिशोब आईने मांडला आणि सोमवार ते शुक्रवार प्रांजलीची रवानगी बनशंकरीला स्वतःच्या मावशीकडे केली. मावशीचं घर पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं. मराठी बोलायचे, पण भाजीत ओलं खोबरं पडावं तसं त्यांच्या बोलण्यात कन्नड पडायचं. मावशीचं नाव पुष्पावती, पण तिला सगळे, अगदी तिचा मुलगासुद्धा, अक्का म्हणत. म्हणून प्रांजलीची ती अक्काआजी. तिचे यजमान मुकुंदराव म्हणजे अण्णाआजोबा. त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आता मुलगा, अनिलमामा, बघायचा. आणि अनिलमामाची बायको रूपश्री, म्हणजे रूपामामी.

रूपामामी लग्न होऊन या घरात आली त्याला तीनच वर्षं झाली होती, पण ती नसती तर हे घर सकाळी उठलं कसं असतं, हा प्रश्नच होता. ती प्रांजलीला ‘पुट्टी’ म्हणायची, म्हणजे छोटी. प्रांजली तिच्याहून दोन बोटं उंच होती तरी.

तर झालं असं, की ऑगस्टमधल्या एका दुपारी प्रांजली शाळेतून आली आणि स्वयंपाकघरात मामी नव्हती. ओट्यापाशी अक्काआजी उभी होती, एक हात कढईत आणि दुसरा गुडघ्यावर.

“मामी कुठाय?”

“मागे.” अक्काआजी वळलीही नाही. “बाजूला बसलीय. तिकडे जाऊ नको हं, शिवशील.”

प्रांजलीला क्षणभर कळेचना. मग कळलं, आणि कळल्यावर तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाजूला बसणं म्हणजे पाळीचे तीन दिवस वेगळं बसणं, हे तिने ऐकलं होतं; पण ते जुन्या काळातलं, आईच्या आजीच्या वेळचं. इथे तर फ्रिजवर वायफायचा पासवर्ड चिकटवलेला होता! तिच्या स्वतःच्या पाळीबद्दल आईने जूनमध्येच फोनवर सांगून टाकलं होतं, “मावशी, आमच्या पोरीला यातलं काही लावू नकोस हं,” आणि अक्काआजी म्हणाली होती, “शाळेतली पोर, तिला कशाला लावू? तिचं ती बघेल.” म्हणजे हा नियम एकट्या मामीसाठीच होता तर; आधीच्या खेपांना मध्ये शनिवार-रविवार आल्याने प्रांजलीला तो दिसलाच नव्हता.

अर्थातच प्रांजली तिकडे गेली.

मागची खोली स्वयंपाकघराच्या पलीकडे होती. लहानशी, लाल कोब्याची, खिडकीबाहेर सोनचाफ्याचं झाड. जमिनीवर चटई, एक घोंगडी, वेगळं ताट आणि वेगळा लोटा. मामी भिंतीकडे तोंड करून, पोटाशी पाय घेऊन आडवी होती.

“अग अग, उंबऱ्याच्या आत नको येऊ! आंघोळ करावी लागेल तुला.”

“करीन की. तसाही खो-खोचा घाम आहेच.” प्रांजली आत येऊन मांडी घालून बसलीसुद्धा. “दुखतंय?”

“पहिल्या दिवशी असंच असतं. उद्यापर्यंत सरी होतं, बरं वाटतं.”

“म्हणजे चक्कर येते, उभंच राहवत नाही, असं? तसं असेल तर आसनं नाहीत, आधी डॉक्टर. आमच्या मिस सांगतात.”

“नाही ग डॉक्टरीणबाई.” मामीला तशातही हसू आलं. “कंबर धरते, ओटीपोटात पीळ पडतो. नेहमीचंच. आणि आसनं कसली? ह्या दिवसांत कोण उड्या मारतं?”

“उड्या नाहीतच! तू फक्त ऊठ. हळूच. आणि उशा कुठे आहेत या घरातल्या?”

उशा आल्या. लोड आला. अण्णाआजोबांच्या आरामखुर्चीतली गादीसुद्धा आली. अण्णाआजोबा तेव्हा दुकानात होते म्हणून बरं. प्रांजलीने मामीला वज्रासनात बसवलं, गुडघे जरा लांब करायला लावले, मांडीवर लोड आडवा ठेवला आणि म्हणाली, “आता ह्याच्यावर ओणवी हो आणि गाल टेकव. हात कुठेही जाऊ देत. बस्स, झालं आसन.”

“एवढंच?”

“एवढंच. आता पाठीत श्वास घे.”

“पाठीत कसा घेतात श्वास? नाक तर पुढे आहे.”

“मामी!”

पण मामीने घेतला. प्रांजलीने तिच्या कमरेवर तळहात नुसता ठेवला, दाबला नाही, आणि तिला हाताखाली ती पाठ फुगताना आणि ओसरताना कळली. आधी अडखळत, मग लांब, मग आणखी लांब. बाहेर कुकरची शिट्टी झाली, मामीचे खांदे सवयीने उचलले गेले, आणि मग आपल्याला उठायचं नाहीये हे आठवून परत खाली आले.

मग मार्जारासन. दोन्ही हात, दोन्ही गुडघे जमिनीवर. श्वास सोडताना पाठीची कमान, घेताना पाठ सैल.

“हे मांजर आहे,” मामी खाली मान घालूनच म्हणाली. “दुकानाच्या फळीवर झोपतं ना, ते उठताना अगदी असंच करतं.”

“म्हणूनच मार्जारासन म्हणतात.”

“मांजरासन.”

“मार्जारासन, मामी.”

“माझ्या खोलीत मांजरासन.”

दोघी इतक्या हसल्या की आसन मोडलं. शेवटी प्रांजलीने तिला लोडावर पाठ टेकून झोपवलं, तळपायाला तळपाय जुळवायला लावले आणि दोन्ही बाजूंना पडलेल्या गुडघ्यांखाली एकेक उशी सरकवली. “ताणायचं नाही. दुखलं की उशी वाढव. इथे कुणी मार्क देत नाहीये.”

मामी डोळे मिटून पडली. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “इथे मला कुणी हाक मारत नाही, माहितीय तुला? बाहेर असले की मिनिटामिनिटाला. रूपा मीठ, रूपा किल्ली, रूपा माझा चष्मा. अण्णांचा चष्मा तर त्यांच्या कपाळावरच असतो.”

प्रांजली हसली खरी, पण तिचं अर्धंच लक्ष होतं. उरलेल्या अर्ध्या डोक्यात एक भाषण शिजायला लागलं होतं.

ते तिने त्याच आठवड्यात केलं. मामी आंघोळ करून घरात आली होती आणि सगळ्यांना सारू-भात वाढत होती. प्रांजलीने ताटावरून हात मागे घेतला, घसा साफ केला.

“अण्णाआजोबा, मला एक बोलायचंय. पाळी येणं म्हणजे विटाळ नाही. ते शरीराचं काम आहे, जसं श्वास घेणं. मग ज्या बाईच्या हातचं आपण महिनाभर जेवतो, तिला तीन दिवस वेगळं ताट देऊन मागे बसवायचं, हे बरोबर आहे का? तिने चोरी केलीय का? आमच्या शाळेत मुली पाळीतसुद्धा योग करतात. मामीला बाजूला बसवणं आजपासून बंद झालं पाहिजे.”

एवढं बोलून ती थांबली. आवाज जराही कापला नव्हता. शाळेत असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

अण्णाआजोबांनी सारूचा भुरका संपवला. मग म्हणाले, “पोरगी बरोबर बोलते.”

प्रांजली बघतच राहिली. तिने पुढच्या तीन मुद्द्यांची तयारी केली होती, ती वायाच गेली.

“आपल्या रस्त्यावर आता कोण पाळतं हे?” ते म्हणाले. “अक्का, तुझं काय?”

“मला काय विचारता?” अक्काआजी म्हणाली. “ते तीन दिवस ओट्यापाशी माझे गुडघे कसे उभे राहतात ते माझं मला ठाऊक. रूपा आली स्वयंपाकघरात तर मला हवीच आहे. देवघरात तेवढं नको.”

“आयतु!” म्हणजे झालं, असं अण्णाआजोबांनी टाकलं. “देवघर सोडून सगळं घर तिचं.”

“मग मागची खोली मोकळीच झाली की,” अनिलमामा म्हणाला. “दिवाळीचा माल येतोय, खोकी तिथे टाकतो.”

सगळे खूश होते. मामी सारूचा डाव हातात धरून उभी होती. डावातून एक थेंब तिच्या पायावर पडला, तरी तिने तो पुसला नाही. प्रांजलीला वाटलं, आनंदाने सुचत नसेल तिला.

रात्री तिने आईला फोन केला. “आई, मी एक प्रथा बंद पाडली!”

“अरे वा! शाबास.” आई खरंच खूश झाली. मग म्हणाली, “आणि रूपश्री काय म्हणाली?”

“ती काय म्हणणार? खूशच असणार ना!”

पुढच्या महिन्यात गणपती येऊन गेले, चाचणी परीक्षा झाली, आणि एका दुपारी प्रांजली शाळेतून आली तेव्हा मामी ओट्यापाशी नारळ खवत होती. संध्याकाळी अण्णाआजोबांचे जुने मित्र सहकुटुंब जेवायला यायचे होते. एका शेगडीवर सारू, दुसरीवर बीन्सची भाजी, मिक्सरमध्ये वाटण. अक्काआजी बाहेरच्या खोलीत पायाला तेल चोळत बसली होती.

मामीने खवणी खाली ठेवली. दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली आणि हातांमध्ये मान खाली घातली. लांबून कुणाला वाटलं असतं, आसनच करतेय. पण तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि श्वास पाठीत काय, गळ्याच्या खालीसुद्धा उतरत नव्हता.

“मामी, तुला आलीय?”

“सकाळी.”

“मग चल ना! पाच मिनिटं मांजरासन, आणि लोड घेऊन—”

“कुठे?”

मामी हे रागाने म्हणाली नाही. खरंच विचारल्यासारखं म्हणाली. प्रांजली मागच्या खोलीपाशी गेली. दार पुरतं उघडेनासुद्धा. आत खिडकीपर्यंत खोकी रचलेली: कुकर, डबे, पिंपं, ताटांचे संच. सोनचाफा दिसत नव्हता. आणि सगळ्यात खालच्या खोक्यांना ओल लागू नये म्हणून खाली जे अंथरलं होतं, ती मामीची चटई होती.

ती परत आली तेव्हा तिला काय बोलावं सुचेना. तिला! प्रांजलीला!

मामीनेच मिक्सर बंद केला. “पुट्टी, तू माझ्यासाठी बोललीस. या घरात माझ्यासाठी असं उभं राहून कुणी बोललं नव्हतं. म्हणून मी गप्प राहिले. पण आधी मला विचारलं असतंस तर...”

“तर काय?”

“तर सांगितलं असतं. ते वेगळं ताट, ते शिवू नको, ते मला कधीच आवडलं नाही. पहिल्यांदा बसवलं तेव्हा रडले होते मी. ते गेलं ते बरंच झालं. पण खोली, ग? खोली मला हवी होती. पाठ टेकायला तेवढीच जागा होती मला या घरात. तुम्ही दोन्ही एकदमच काढून घेतलं.”

“मामी, मी...”

“रूपा!” बाहेरून अण्णाआजोबांची हाक आली. “माझा चष्मा बघितलास?”

“कपाळावर आहे, अण्णा!” मामीने ओरडून सांगितलं आणि परत खवणी ओढली.

प्रांजलीने तिच्या हातातला नारळ घेतला. खवला तिनेच, कोशिंबीर तिनेच केली, ताटं तिनेच मांडली. पाहुण्यांनी तिचं फार कौतुक केलं. तिला ते गिळवेना. तिचं सगळं बोलणं बरोबर होतं, शब्दन्‌शब्द बरोबर होता, आणि तरी मामी तिकडे ओट्याला धरून उभी होती. असं कसं होऊ शकतं?

उत्तर तिला दुसऱ्या दिवशी योगाच्या तासाला मिळालं, तेही पुढे उभी राहून श्वास मोजत असताना.

शाळेच्या त्या हॉलमध्ये खिडकीखाली हेमलता मिसनी एक कोपरा केला होता. चार मॅट, जुन्या पडद्यांचे शिवलेले लोड, दोन घोंगड्या. पाळी असो, झोप झालेली नसो, नुसतंच नको वाटत असो, ज्या मुलीला हवं तिने तिकडे जायचं. हात वर करायचा नाही, परवानगी मागायची नाही. सगळी सावकाश आसनं तिकडेच चालत. प्रांजली स्वतः कितीदा तिकडे पडली होती.

त्या दिवशी वल्लरी आली. वल्लरी म्हणजे खो-खोची कप्तान. सळसळता साप जसा, एका जागी कधी न बसणारी. तिने दारातच बॅग टाकली, सरळ कोपऱ्यात गेली, लोड ओढला आणि तळपाय जुळवून, डोळे मिटून आडवी झाली. कुणी मान वळवूनही बघितलं नाही.

आणि प्रांजलीच्या डोक्यात लख्ख झालं. अरे, ही पण बाजूलाच बसलीय की! पण हिला कुणी बसवलं नाही. ही आपली आपण गेली, हवं तेव्हा आपली आपण उठेल, आणि तोवर हिला कुणी...

“प्रांजली!” हेमलता मिस मागून म्हणाल्या. “श्वास सोडायला सांगणार आहेस का बाळ? सगळ्या कोंडून उभ्या आहेत!”

वर्गच्या वर्ग लालबुंद होऊन तिच्याकडे बघत होता. “सोडा, सोडा!” ती ओरडली, आणि एवढा मोठा फुस्स झाला की कोपऱ्यातली वल्लरीसुद्धा हसायला लागली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर प्रांजलीने गणवेशही बदलला नाही. सरळ मागच्या खोलीत गेली आणि पहिलं खोकं उचललं. मग दुसरं. तिसऱ्यात पातेली होती. ती एकमेकांवर आपटून असा आवाज झाला की बाहेरच्या खोलीतून सगळे धावत आले. अनिलमामाही नुकताच दुकानातून आला होता.

“काय भूकंप होतोय काय इथे?” अण्णाआजोबा म्हणाले.

प्रांजली पोटाशी कुकरचं खोकं धरून उभी होती. भाषण तिने शाळेतून येताना वाटेत तयार केलं होतं, मुद्द्यांसकट. त्यातला एकही मुद्दा आता आठवेना. आणि आवाज? तो कापत होता. चांगलाच कापत होता.

“अण्णाआजोबा, मी चुकले.”

“खोकं खाली ठेव आधी.”

“नाही, मी बोलते. मी म्हटलं होतं, मामीला बाजूला बसवू नका. ते बरोबरच होतं. पण तिला बसायचं असेल तर? शिवाशीव नको, वेगळं ताट नको. नुसतं बसायचं. पडायचं. मांजर करायचं...”

“मांजर?” अनिलमामा म्हणाला.

“...आणि तोवर तिला कुणी हाक मारायची नाही. पण हेही मीच बोलतेय. मी परत तेच करतेय.” तिने खोक्यावरून मामीकडे बघितलं. “मामी, तूच सांग ना. मला तेव्हा विचारायचं होतं. आता विचारते.”

मामी दारात ओले हात घेऊन उभी होती. तिने एकेक करून सगळ्यांकडे बघितलं. पदराला हात पुसले. इतका वेळ लावला की प्रांजलीच्या हातांना खोक्याचं वजन लागायला लागलं, पण यावेळी तिने मध्ये तोंड घातलं नाही.

“पहिला दिवस तरी,” मामी म्हणाली. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. “अण्णा, पहिला दिवस तरी ती खोली मला द्या. मला घरात फिरायचंय, सगळ्यांबरोबर जेवायचंय. स्वयंपाकघरातही येईन. पण वाटलं तर येईन. नाही वाटलं, तर दार लावून पडेन.”

अण्णाआजोबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू ही सून त्यांना नीट बघायची होती. “तू बोलली का नाहीस कधी?”

“कुणी विचारलं?” अक्काआजी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“बरं, पण मग त्या दिवशी स्वयंपाक?” अण्णाआजोबा जरा ओशाळून म्हणाले. “तुझे गुडघे...”

“गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बोलेन.” अक्काआजी भिंतीला धरून तिथल्याच एका खोक्यावर बसली. “माझी पाळी गेली तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या, सुटलीस, पुष्पावती. कसली सुटले! तोवर महिन्यातून तीन दिवस तरी ह्या चाफ्याखाली पाठ टेकत होते. मासिकं वाचायचे. सुम्मने, नुसतीच, बघत बसायचे झाडाकडे. ते बंद झालं आणि मी जी बाहेर आले ती बाहेरच. दुपारी आडवी झालेली मी कधी बघितलीत तुम्ही?”

अण्णाआजोबांना आठवेना. त्यांनी खरंच आठवून बघितलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“आणि माझी ती विश्रांती गेली, तर निदान हिची तरी मी राखायला हवी होती,” अक्काआजी मामीकडे न बघता म्हणाली. “मी म्हटलं, बरं झालं, माझ्या हाताखाली आली.”

मामी तिच्याजवळ जाऊन खाली बसली, आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“खोकी उद्या दुकानाच्या माळ्यावर नेतो,” अनिलमामाने घसा खाकरला. “आणि उप्पिट येतं मला. त्या दिवशी उप्पिट मी करीन.”

“तुम्हाला?” मामीने मान वर केली.

“हॉस्टेलवर करायचो.”

“तीन वर्षं झाली लग्नाला. तीन वर्षं! आणि आज सांगताय?”

“कुणी विचारलं?” अनिलमामा म्हणाला, आणि अक्काआजीसकट सगळे इतके हसले की प्रांजलीच्या हातातलं खोकं शेवटी एकदाचं खाली आलं.

“आणि कॉफी माझी,” अण्णाआजोबा म्हणाले.

“कॉफी रोज तुम्हीच करता. त्यात नवं काय?” अक्काआजीने त्यांना लगेच जमिनीवर आणलं. “भात लावायला शिका स्वल्प.”

एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, शाळेला सुट्टी होती. कोपऱ्यावर लाल-पिवळा झेंडा लागला होता आणि सकाळपासून कर्ण्यावर कन्नड गाणी चालली होती. खरं तर प्रांजलीने आदल्या दिवशीच इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचं, पण मामीने हळूच म्हटलं होतं, “उद्या माझा पहिला दिवस असेल बहुतेक,” आणि तिने आईला फोन करून टाकला होता.

मागच्या खोलीत लाल कोबा पुसून लख्ख केला होता. झटकून, उन्हात टाकून, चटई परत आपल्या जागी आली होती. लोड होता, उशा होत्या, आरामखुर्चीतली गादी होती, आणि या खेपेला ती अण्णाआजोबांनी स्वतः आणून दिली होती. दार आतून लावलेलं. कडी मामीने लावली होती.

ती लोडावर गाल टेकून पडली होती आणि प्रांजलीचा तळहात तिच्या कमरेवर होता, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

“रूपा, मी आहे. येऊ का?”

अक्काआजी! विचारून! मामीने उठून दार उघडलं. अक्काआजी एका हातात प्लास्टिकची खुर्ची आणि काखेत मासिक घेऊन उभी होती.

“मी आपली चाफ्याकडे बघत बसते. तुमचं चालू द्या,” ती म्हणाली, आणि बसल्यावर थोड्याच वेळाने मासिकावरून डोकावत म्हणाली, “ते मांजराचं म्हणत होतीस ते कुठलं ग? माझे गुडघे तर टेकत नाहीत.”

“खुर्चीवरचं मांजरही असतं, अक्काआजी!” प्रांजली उडालीच. मग आठवून, हळू आवाजात म्हणाली, “पाय जमिनीवर टेकव. हात मांड्यांवर. श्वास सोडताना पाठ गोल कर, हनुवटी आत. घेताना छाती उघड. जोर नाही. दुखलं की थांबायचं.”

अक्काआजीने पाठ गोल केली. तिच्या मणक्यांतून कटकट असा बारीक आवाज आला. “ऐकलंत? कुलूप उघडलं,” ती म्हणाली. खाली चटईवर मामीने तिच्यासोबतच कमान केली आणि सोडली. कर्ण्यावरचं गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत तिघींचे श्वास वेगवेगळे ऐकू येत होते. वाऱ्याबरोबर चाफ्याचा वास खिडकीतून यायचा आणि जायचा.

“रूपा!”

स्वयंपाकघरातून. अनिलमामा.

“रूपा, मोहरीचा डबा कुठला? तेल तापलंय!”

मामीच्या पाठीचा कमानदार आकार तिथल्या तिथे थिजला. ती उठली मात्र नाही. तिने डोळे मिटले.

“अक्का! अक्का, मोहरी!”

अक्काआजीचं तोंड उघडलं. सगळ्या हयातीची सवय ती. घरात कुणीही, काहीही विचारलं की तिचं उत्तर विचारणाऱ्याच्या आधी तयार असायचं. मामीने खालूनच वर बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. अक्काआजीने तोंड मिटलं. गच्च मिटलं. उत्तर आत अडकून तिचे गाल फुगले, डोळे मोठे झाले, चेहरा लाल झाला.

प्रांजली तिच्या कानाशी वाकली.

“श्वास सोड, अक्काआजी,” ती कुजबुजली.

अक्काआजीने सोडला. लांब, अगदी तळापासून, आणि सोडता सोडता तिचे खांदे खाली आले.

पलीकडे डबे आपटल्याचे आवाज झाले. एक झाकण उघडलं, दुसरं उघडलं, अण्णाआजोबा काहीतरी म्हणाले. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग चर्र करून मोहरी तडतडली.